बावन्न शब्दांचा अभिप्राय

“पढ़ना किसको है यार, सबको दस-दस दे दो, खतम करो,” असं कुणीतरी म्हणालं आणि ते अख्ख्या वर्गाने ऐकलं, कारण म्हणणाऱ्याचा माईक चालू राहिला होता. जॉर्ज सर पडद्यावर चार रकान्यांचा एक तक्ता दाखवत होते. ते बोलता बोलता थांबले. पडद्यावरच्या चौकोनांत सगळी नावं गप्प बसली होती, एकाच चौकोनाभोवती तेवढी पिवळी रेघ चमकत होती आणि त्यात लिहिलं होतं, ऋषभ. “ऋषभ, पहले माईक बंद करना,” सर आपल्या केरळी वळणाच्या हिंदीत शांतपणे म्हणाले, “प्लॅनिंग बाद में करना.” खालच्या चॅटमध्ये हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. मीही हसले. बंद माईकमागे, बंद कॅमेऱ्यामागे, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, मरोद्याच्या आमच्या क्वार्टरमधल्या तांदळाच्या कोठीला टेकून, तोंडावर ओढणी धरून हसले. पण माझं लक्ष ऋषभच्या बोलण्यात नव्हतं. सरांनी त्याआधी जे सांगितलं होतं त्यातच ते अडकलं होतं.

त्या वर्षी साथीमुळे कॉलेज घराघरांत भरत होतं. आम्ही पहिल्या वर्षाला होतो आणि एकमेकांना कधी भेटलोच नव्हतो. ऋषभ वर्गाचा प्रतिनिधी होता, तोही पडद्यावरच निवडून आलेला, कारण बोलणारा तोच होता. सरांनी सांगितलं ते असं: प्रत्येकाने एक निबंध लिहून शुक्रवारपर्यंत कॉलेजच्या पोर्टलवर चढवायचा. सोमवारी पोर्टल आपणहून प्रत्येकाला तीन निबंध वाटेल. त्यावर नाव नसेल, नुसता नंबर असेल. ते वाचायचे, दहापैकी मार्क द्यायचे आणि निदान पन्नास शब्दांचा अभिप्राय लिहायचा. त्याहून एक शब्द कमी असेल तर पोर्टल घेणार नाही. तीनही अभिप्राय पूर्ण केल्याशिवाय स्वतःच्या निबंधावरचे अभिप्राय उघडणार नाहीत. या मार्कांची सरासरी इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या हातातल्या मार्कांत, धरली जाईल. विषय होता ‘माझ्या घरातलं एक काम’. तुम्हाला यात काय विशेष वाटेल मला माहीत नाही. मला मात्र हे ऐकून घाम फुटला होता, आनंदाचा घाम. बारा वर्षं मी इंग्रजी शाळेत निबंध लिहिले, ते सगळे मिसच्या लाल पेनाखालून गेले आणि वहीत परत आले. माझं लिहिलेलं तीन जण वाचणार, मला न ओळखता वाचणार आणि मला समोर उभं राहावं लागणार नाही, असं पूर्वी कधी झालंच नव्हतं. लाजऱ्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था कुणी केलेली मला आजपर्यंत दिसलेली नाही.

आमचं घर तेव्हा दिवसा फार हळू चालायचं. बाबा कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांवर, ऑपरेटर होते. शहर बंद असो की चालू, भट्ट्या थंड करता येत नाहीत, म्हणून त्यांची शिफ्ट कधी चुकली नाही. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी आले की अंगाला तो धुराचा, डांबराचा वास घेऊनच यायचे, आंघोळ करायचे, चहाबरोबर कालची भाकरी खायचे आणि झोपायचे. मग चार वाजेपर्यंत आई आणि मी, आम्ही दोघी घरात मांजरासारख्या वावरायचो. आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. वाफ भरली की सांडशीने शिट्टी जराशी उचलून फुस्स करून सोडून द्यायची, आणि त्या फुस्स-फुस्सवर तिची मोजदाद चालायची. भाजीला फोडणी बसली की वर ताट झाकायची. आमचा पंखा एका फेरीत एकदा कुरकुरायचा, बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे, दोरीवरच्या कपड्यांवर बारीक काळी पूड बसायची, पण घरातला माणूस बोलायचा नाही. लोक म्हणतात मी जन्मजात अबोल आहे. मला वाटतं निम्मा दोष कोक ओव्हनच्या शिफ्टचा असावा.

बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आलेले, शेतकऱ्याचे, मराठी शाळेत दहावी झालेले. हातातलं काम असं की इंजिनियर त्यांना विचारून भट्टीचं दार उघडायचे, पण शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये इंग्रजीत नोंद करावी लागे आणि तिथे ते अडायचे. मी सहावीत असताना त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली. “तू लिवून दे बाई, मी पाहून पाहून लिवतो.” तेव्हापासून ती वही आमच्या घरात होती. ते सांगायचे, मी इंग्रजी करायची. अमक्या ओव्हनच्या दारातून गळती, माती लावून बंद केली, लक्ष ठेवावे. तमक्या ठिकाणी दाब कमी, कळवले आहे. प्रत्येक नोंदीखाली एकच ओळ: ‘हँडेड ओव्हर इन नॉर्मल कंडिशन’. चार्ज पुढच्या शिफ्टला दिला, सगळं ठीक. ठीक नसेल तर ‘नॉर्मल’ नाही, तिथे जे असेल ते. ही ओळ मी इतक्यांदा लिहिली आहे की झोपेतही मला ती लिहिता येईल. शाळेत मी हे कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात तर नाहीच. पहिल्या तासाला सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, तेव्हा मी चॅटमध्ये नाव टाइप करून सुटले होते.

निबंध मी आईच्या लांब रोटीवर लिहिला. उलट्या मडक्यावर भाजतात ती, कोपरापर्यंत हातावर झुलवून मोठी केलेली. आमच्याकडे नागपूरच्या बाजूने आलेल्या बायका ती करायच्या आणि कॉलनीतल्या बाकीच्या बायका, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, बघायला उभ्या राहायच्या. कणीक किती सैल हवी, ती हातावर टाकल्यावर मनगट कसं वळतं, मडकं तापल्याचं आई पाण्याचा शिंतोडा उडवून कसं ओळखते, हे मी चार दिवस लिहीत होते. एक वाक्य लिहायची आणि उठून आईचं मनगट बघून यायची. “काय वं, नजर लावून राहिली का हाताले?” ती म्हणायची. शुक्रवारी निबंध चढवला. पडद्यावर हिरवी खूण आली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दोन गिरक्या घेतल्या. बाबा झोपले होते म्हणून अनवाणी, आवाज न करता.

त्याच संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर ऋषभचा संदेश आला. सर्वांनी सर्वांना दहा द्यायचे. अभिप्रायासाठी डोकं चालवायची गरज नाही, त्याने एक तयार करून ठेवला होता, तोच चिकटवायचा. ‘हा अतिशय छान निबंध आहे. विषय समर्पक आहे. भाषा सोपी आणि ओघवती आहे,’ असं काहीतरी इंग्रजीत. शब्द बरोबर बावन्न, दोन जास्तीचे, पोर्टलने नाकारू नये म्हणून. खाली अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा दिला. हे कबूल करायला हवं. दोन सत्रांत त्या ग्रुपवर माझं तेवढंच लिखाण होतं, अंगठे. फक्त एकीने लिहिलं, “मैं तो पढ़ के ही दूँगी.” ती भूमिका, भूमिका देवांगन. तिचे वडीलही कोक ओव्हनमध्येच होते, हे तिने पहिल्याच तासाला सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं होतं. ऋषभने तिला उत्तर दिलं, “मैडम, ये प्लांट नहीं है. यहाँ इंस्पेक्शन नहीं होता.” पुन्हा हसरे चेहरे.

सोमवारी दुपारी मला तीन निबंध मिळाले. मी ते एकेक करून उघडले. कुणाच्या तरी घराचं दार कुणी मला न विचारता उघडून दिलं होतं. पहिला निबंध कपडे धुण्याच्या मशीनवर होता, सरळ, कोरडा. दुसरा एका मुलीने भावाची सायकल दुरुस्त करण्यावर लिहिला होता, त्यात विनोद बरे होते. तिसरा उघडला आणि मी सरळ होऊन बसले.

तो नंदिनी नगरचा होता. पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी आहेत तिथला. लिहिणाऱ्याच्या आजोबांची नोकरी खाणीत होती आणि दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला की त्याची आजी हातातलं काम टाकून भिंतीवरच्या भांड्यांच्या फळीपाशी जाऊन उभी राहायची. दोन्ही हात पसरून ती फळीला छातीशी दाबून धरायची. मग जमीन हलायची. पितळेच्या थाळ्या आजीच्या हाताखाली बारीक आवाजात कुरकुरायच्या, जणू थंडीने दात वाजतात, आणि आजी त्यांना म्हणायची, “हो गे, हो गे, चुप राहव.” झालं, झालं, गप्प राहा. घरातलं एक काम, म्हणून त्याने हे निवडलं होतं. भांडी धरून ठेवणं.

“काय वाचून राहिली वं, हसून राहिली एकटीच?” आई लाखोरीची भाजी निवडत बसली होती. शेजारी हिलाच तिवरा म्हणतात.

“कोणाचं तरी लिहिलेलं हाये.”

“कोणाचं?”

“नाव नसते त्याच्यात.”

“बिननावाचं? मंग वाच ना मले. पण हळू वाच, तुहे बाबा झोपले हायेत.”

मी इंग्रजीवरून मराठी करत तिला वाचून दाखवायला लागले. आईचे हात थांबले. थाळ्यांशी बोलणाऱ्या आजीपाशी ती “बाप्पा!” म्हणाली आणि मग पुढे सरकून बसली. “पुढं?”

पुढे तिसरा परिच्छेद होता. मी वाचत गेले. खाणकाम हा राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. खाणकामाचे पर्यावरणावर अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही परिणाम होतात. शाश्वत विकासासाठी...

“थांब,” आई म्हणाली. “हे कोण बोलून राहिलं?”

“तोच.”

“नाही. तो गेला उठून. इतका वेळ म्हातारीजवळ बसला होता. हा दुसराच कोणी येऊन बसला, भाषण देऊन राहिला.” तिने भाजीची काडी टोपलीत टाकली. “म्हातारीचं काय झालं? तिचे हात दुखत असन का नाही? पडली का कधी फळी? ते लिवलंच नाही त्यानं.”

आईने कॉलेज पाहिलेलं नाही. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही. पण त्या दुपारी मला समजलं की वाचणं म्हणजे काय ते तिला येतं, आणि बारा वर्षांच्या शाळेने मला ते शिकवलं नव्हतं. मी तो तिसरा परिच्छेद इंटरनेटवर टाकून पाहिला. शब्द न् शब्द तिथे होता.

चारच्या सुमाराला बाबा उठले. चहा पिताना मी त्यांना सगळं सांगितलं, बावन्न शब्दांचंही.

“कितीतून द्यायचे हायेत?”

“दहातून.”

“मंग दे ना दहा, बाई. सगळे देऊन राहिले तं तुहं काय जाते? पोट्ट्यानं मेहनत केली असन.”

“तुमी रजिस्टरात असंच लिवता का?” आई ओट्यापासून म्हणाली. “सगळे नॉर्मल लिवून राहिले, मीबी नॉर्मल लिवतो?”

बाबांनी बशी खाली ठेवली. “रजिस्टराची गोष्ट येगळी हाये. कागदावर नॉर्मल आन् दारातून धूर, मंग पुढच्या शिफ्टवाल्याचं थोबाड भाजते.”

“मंग हे पोट्टं पुढच्या बारीले काय लिवन? पुन्ना भाषणच देईन ना.”

बाबांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जे हाये ते लिव. पण कोण केलं ते लिवू नको. काय झालं आन् काय राह्यलं, तेवढं लिव.” आणि उठून भाजी आणायला गेले.

मी लिहायला बसले. पन्नास शब्दांची अट होती. माझे चारशेच्या वर गेले. मी लिहिलं की तुझ्या पहिल्या दोन परिच्छेदांत मला थाळ्या ऐकू आल्या. माझ्या घरातल्या एका वाचकाने भाजी निवडणं थांबवून ते ऐकलं. तिसऱ्या परिच्छेदात तू निघून गेलास आणि जे आलं ते तुझं नाही, ते कुठून आलं ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. आजीचे हात दुखायचे का? एखादी थाळी कधी पडली, वाकली, हरवली का? ते तुलाच माहीत आहे, जगात दुसऱ्या कुणालाही नाही. म्हणून सहा देते आहे. चार तुझ्याकडे बाकी आहेत. एखाद्या माणसाशी इतकं सरळ, इतकं लांब मी कधी बोलले नव्हते, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं, मला त्याची काळजी वाटत होती. पाठवण्याचं बटण दाबलं तेव्हा बाहेर कारखान्यातली स्लॅग, लोखंडाची वितळलेली मळी, ओतल्याचा तांबडा उजेड आभाळावर चढला होता आणि मला तो माझ्यासाठीच लावलाय असं वाटलं. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मी मुळीच हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्या निबंधावरचे अभिप्राय उघडले. दहा, दहा, दहा. आणि खाली तीन वेळा तेच बावन्न शब्द. एकाने चिकटवताना पहिलं अक्षर गाळलं होतं, एवढाच फरक. आईच्या मनगटापाशी कुणी पोचलंच नव्हतं. तीसपैकी तीस मिळूनही मी कोठीमागे बसून रडले, आणि आईला वाटलं की नापास झाले.

संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो पडला. माझ्या अभिप्रायाचा. ऋषभने टाकला होता. “किस महान आत्मा ने मुझे छह दिया? सामने आओ.”

म्हणजे आजी ऋषभची होती. मी फोन हातात धरून तशीच बसले. सबको दस-दस दे दो म्हणणारा, माईकवर कायम हसवणारा तो मुलगा थाळ्यांचे दात वाजतात असं लिहू शकत होता. मला आधी भीती वाटायला हवी होती. मला आधी भलताच आनंद झाला. मग मी फोटो मोठा करून खालपर्यंत सरकवला आणि शेवटची ओळ वाचली. अभिप्राय संपवून एक ओळ सोडून, माझ्या बोटांनी मला न विचारता लिहून ठेवलं होतं: हँडेड ओव्हर इन नॉर्मल कंडिशन.

इतरांनाही ती दिसली. “ये कौन सी भाषा है भाई?” “ये तो लॉगबुक है, मेरे चाचा लिखते हैं.” “प्लांट वाले का बच्चा है कोई.” वर्गात प्लांटवाल्यांची मुलं पुष्कळ होती, पण बहुतेकांचे वडील ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत. बाकीचे दुर्गचे दुकानदार, नाहीतर रसमड्याच्या कारखान्यांतले. कोक ओव्हनचा उल्लेख एकीनेच केला होता, आणि पढ़ के ही दूँगी हेही तीच म्हणाली होती. पाच मिनिटांत न्याय झाला. “शिफ्ट इंचार्ज मैडम को सलाम.” “भूमिका जी, गैस लीक तो नहीं है हमारे निबंध में?” भूमिकाने एकदाच उत्तर दिलं. “मैंने नहीं लिखा. लिखती तो नाम के साथ लिखती.”

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिने मला ओळखत नसताना मलाच उत्तर दिलं होतं. मग कुणीतरी लिहिलं की पुढच्या आठवड्यात दुसरी असाइनमेंट आहे, तिचा निबंध ओळखू येईलच, ती घरच्या करघ्यावरच, हातमागावरच लिहिणार आहे, तिच्या आजोबांचा आहे. ज्याला मिळेल त्याने शून्य द्यायचं. अंगठे. अंगठे. पहिल्या चाचणीत भूमिका तापाने पडून होती, तिने परीक्षा दिलीच नव्हती. तिचं इंटर्नल या असाइनमेंटांवरच टेकलेलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तिने सरांना भर वर्गात विचारलं होतं. तीन शून्यं पडली असती तर ती नापास झाली असती. ऋषभने त्या सूचनेला अंगठा दिला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये कितीदा टाइप केलं आणि पुसलं ते सांगत नाही. एकदा तर बावन्न शब्दसुद्धा झाले. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “लिवू नको. लिवलेलं लोक पुन्ना फोटो काढून फिरवतेत. बोल.”

“मले नाही जमत आई.”

“मले तरी कुठी जमत होतं? इथं आली तेव्हा हिंदीचा एक शब्द नव्हता येत. पाण्याच्या टँकरवर भांडण झालं आन् आलं आपोआप.”

गुरुवारी तास होता. बाबा सी शिफ्ट करून आले होते, आतल्या खोलीत झोपले होते, दार ओढलेलं. सर हजेरी घेत असतानाच ऋषभने हात वर केल्याची खूण लावली. या पद्धतीत नाव दिसत नाही म्हणून कुणीही कुणावर काहीही राग काढू शकतो, असं तो म्हणाला, आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. ही असाइनमेंट रद्द करावी. “किसने किया, कुछ अंदाजा है?” सरांनी विचारलं. दोन-तीन जणांनी एकदम भूमिकाचं नाव घेतलं. भूमिकाच्या चौकोनाभोवती पिवळी रेघ आली. “सर, मैंने नहीं किया. कितनी बार बोलूँ?” तिचा आवाज शेवटी फाटला. मागे कुठेतरी तिच्या घरी करघ्याचा खटखट आवाज चालू होता, तो थांबला.

सरांनी हजेरीची यादी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मुझे नाम दिखता है. सबका दिखता है. किसने पढ़ा, किसने कॉपी-पेस्ट किया, वो भी दिखता है.” दोन कॅमेरे पटकन बंद झाले. “पर मैं नाम नहीं बताऊँगा. एक के लिए ‘ये नहीं है’ बोलूँगा तो फिर सबके लिए बोलना पड़ेगा. जिसने लिखा है, उसने गलत कुछ नहीं लिखा. बोलना चाहे तो बोले. नहीं तो हम आगे पढ़ेंगे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या क्षणी ते पडद्याआडून माझ्याकडेच बघत आहेत असं मला वाटलं, आणि नवल म्हणजे त्याची लाज वाटली नाही. कुणीतरी मला वाचलं होतं. आई दारात उभी होती, हातात लाटणं. तिने खुणेनेच विचारलं, काय झालं? सरांनी पुस्तकाचं पान पडद्यावर आणलं. भूमिकाचा चौकोन काळा झाला, ती निघून जाणार होती बहुधा. मी माईकच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. माझ्या नावाभोवती पहिल्यांदाच पिवळी रेघ उजळली. वर्गाला माझा आवाज ठाऊक नव्हता, खरं तर मलाही नव्हता, तो अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला. मी हिंदीत बोलले. आईला नंतर जसं सांगितलं तसं इथे मराठीत लिहिते.

“सर, तो अभिप्राय मी लिहिला, प्रणिता कापगते. भूमिकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सहा मार्क मीच दिले आणि का दिले ते मी आत्ता सगळ्यांसमोर सांगते. भूमिका, जाऊ नकोस. आणि ऋषभ, तूही ऐक, कारण तुझ्या आजीवरचे ते दोन परिच्छेद या वर्गात सगळ्यांत चांगले आहेत, आणि ते तू स्वतः लिहिलेत म्हणूनच चांगले झालेत, हे तुला अजून कुणी तोंडावर सांगितलेलं नाही.”